रोप लावलें, पण आंबवणी कोण देणार?

(तालुक्याच्या गांवीं भरलेल्या शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



सभेला येतांना पारावर बसलेल्या एका वृद्ध बाबांनीं आम्हांला हटकलें. "आज कशावर बोलणार?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, "कॉलेजांत आणि विद्यापीठांत नव्यानें शिकवूं लागलेल्या मुलामुलींना पाय रोवण्यासाठीं पैसा कोठून मिळतो, यावर." बाबा हंसले आणि म्हणाले, "अहो, प्रोफेसराला कसली मदत? कांद्याला भाव नाहीं, विहिरीला पाणी नाहीं. मदत पाहिजे ती आम्हांला. पंख्याखालीं बसणाऱ्याचें रडगाणें आमच्यापुढें कशाला गातां?"

मंडळी, बाबांचा सवाल खोटा नाहीं. तो टाळून बोलणें म्हणजे तुमची फसवणूक करणें होय. म्हणून आजचें भाषण आम्ही त्या सवालाचें उत्तर म्हणूनच करणार आहों. पटलें तर घ्या; न पटलें तर त्याच पारावर बसवून आमचा कान धरा.

प्रथम हें पाहूं कीं, ज्याला बाबा प्रोफेसर म्हणतात तो आहे कोण? एके काळीं प्राध्यापक म्हणजे पिढीजात शिकलेल्या घराण्यांतला मनुष्य असा हिशेब होता. घरांत पुस्तकें, शहरांत राहायला जागा, बापाची पेन्शन, मामाची ओळख. दोन वर्षें पगार मिळाला नाहीं तरी चुलीवर तवा चढत असे. आज तसें राहिलेलें नाहीं. आज ऊसतोड्याची मुलगी नेट परीक्षा पास होते, सुताराचा मुलगा रसायनशास्त्रांत पीएच्. डी. करतो, धनगराचा मुलगा इतिहासाचे जुने कागद वाचतो. हा मनुष्य परका नाहीं. तो तुमच्याच ओसरीवर कंदिलाच्या उजेडांत शिकलेला आहे. त्याच्या पाठीमागें पुस्तकांचें कपाट नाहीं. आहे तें बापाच्या नांवावरचें सोसायटीचें कर्ज.

आतां ऊस लावणाऱ्याला आम्हीं सांगायला नको कीं, बेणें चांगलें असलें, सरी नीट पाडली, तरी लागणीनंतर तीन-चार दिवसांनीं आंबवणीचें पाणी बसलें नाहीं तर डोळा फुटत नाहीं. मग महिन्यानें पाटभर पाणी सोडा, मेलेला डोळा जिवंत होत नाहीं. सुताराच्या घरींही तोच न्याय. पोरगा उमेदवारी करून तयार झाला; पण हातांत वाकस नाहीं, करवत नाहीं, पहिल्या कामाला लांकूड घ्यायला पैसा नाहीं, तर तो शहाणा कारागीर दुसऱ्याच्या दारांत मजूर होऊन राहतो. नव्या अध्यापकाचीं पहिलीं पांच वर्षें अगदीं अशींच असतात. पहिला लेख, पहिलें उपकरण, हाताखालीं तयार झालेले पहिले विद्यार्थी, हें त्या पांच वर्षांत जमलें तर पुढचीं तीस वर्षें पिकतात. नाहीं जमलें तर मनुष्य जागेवर असतो, पण त्याच्यांतला विद्वान वाळून गेलेला असतो.

या पांच वर्षांसाठीं मदत अजिबात नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. मदत आहे. ती कोणाला मिळते, कशी मिळते, आणि कोणाच्या दारावरून पुढें निघून जाते, हें समजून घेतलें पाहिजे.

पहिली पायरी संशोधक विद्यार्थ्याची. नेट परीक्षेंत वर येऊन जे. आर. एफ. नांवाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळाली, तर तिचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये असा ठरला. सर्वांनाच ती मिळत नाहीं. म्हणून आमच्या राज्यांत अनुसूचित जातींसाठीं बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठीं २०१८ सालीं पुण्यास निघालेली सारथी, आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त जातींसाठीं २०१९ सालीं नागपुरास निघालेली महाज्योती, या संस्था पीएच्. डी. करणाऱ्यांस शिष्यवृत्ति देतात. हें काम चांगलें आहे आणि तें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु हीच मुलें मंजूर झालेल्या पैशासाठीं मुंबईच्या आझाद मैदानावर सतरंज्या टाकून बसलेलींही सर्वांनीं पाहिलीं आहेत. पैसा मंजूर होणें निराळें आणि हातांत पडणें निराळें. मधले महिने मुलानें काय खावें? खानावळवाला सरकारी ठरावाच्या नकलेवर जेवण वाढीत नाहीं.

दुसरी पायरी कायम नोकरीची. सातव्या वेतन आयोगाप्रमाणें सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो, वर महागाई भत्ता. ही जागा ज्याला मिळाली, त्याला पुढचे दरवाजे उघडे होतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें ५ सप्टेंबर २०२२ रोजीं, म्हणजे शिक्षकदिनीं, डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या नांवानें नवनियुक्त अध्यापकांसाठीं संशोधन अनुदान जाहीर केलें: १३२ जणांस प्रत्येकीं १० लाख रुपये, मुदत दोन वर्षें. विज्ञानाच्या अध्यापकांसाठीं केंद्राची आणखी एक मदत होती. तींत दोन वर्षांसाठीं ३० लाखांपर्यंत रक्कम मिळूं शकत असे. पुढें २०२३ च्या कायद्यानें त्या जुन्या मंडळाच्या जागीं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलें, आणि २०२४ सालीं त्यानें नव्या दमाच्या संशोधकांसाठीं प्रधानमंत्र्यांच्या नांवाची योजना काढली. तींत तीन वर्षांसाठीं ६० लाखांपर्यंत अनुदानाची सोय ठेवली.

साठ लाख ऐकून कोणी म्हणेल, पोरगा आतां बंगला बांधणार! तसें नाहीं. हा पैसा त्याच्या खिशांत येत नाहीं, संस्थेच्या खात्यांत येतो. त्यांतून उपकरण घ्यावयाचें, रसायनें घ्यावयाचीं, मदतनीसाला पगार द्यावयाचा, प्रवास करावयाचा, आणि पै-पैचा हिशेब लिहून द्यावयाचा. हिशेबाचा दाखला गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाहीं. हें योग्यच आहे; पैसा रयतेचा आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा पैसा म्हणजे लोहाराचा भाता आहे, लोहाराचा चैनीचा खर्च नव्हे.

आतां १३२ या आंकड्याचा हिशेब करूं. १३२ जणांस १० लाख म्हणजे साऱ्या देशासाठीं १३ कोटि २० लाख रुपये. सरकारच्याच पाहणीप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांत १,१६८ विद्यापीठें, ४५,४७३ कॉलेजें आणि सुमारें १६ लाख अध्यापक होते. हे सगळे कांहीं नवे नव्हेत, तें आम्ही जाणतों. तरीही १३२ माणसें म्हणजे किती? शंभर कॉलेजांतील नव्याण्णव कॉलेजांच्या वाट्याला एकही नाहीं. जेथें प्रयोगशाळा आधींच चांगली, जेथें इंग्रजींत अर्ज लिहून देणारा वडीलधारा प्राध्यापक बसलेला, तेथला अर्ज वर राहणार. पाऊस डोंगरावर पडतो आणि माळ कोरडा राहतो, तशी ही गत.

आणि तिसरी पायरी! खरें म्हणजे हिला पायरी म्हणूं नये. हा खड्डा आहे. आमचीं बहुतेक मुलें याच खड्ड्यांत पडतात. याचें नांव तासिका तत्त्व. मुलें त्याला सी. एच. बी. म्हणतात. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे. सुट्टी आली, पैसे नाहींत. परीक्षा लागली, तास नाहींत. वर्ष संपलें, नेमणूक संपली. जूनमध्यें पुन्हां अर्ज, पुन्हां मुलाखत. शेतावरचा रोजंदारी गडी आणि हा पीएच्. डी. झालेला मास्तर यांत फरक इतकाच कीं, गड्याला संध्याकाळीं रोज मिळतो आणि मास्तरला कित्येक महिन्यांनीं.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं अशा पाहुण्या अध्यापकास तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला फार तर ५०,००० रुपये द्यावे असें ठरविलें. आमच्याकडे प्रत्यक्षांत त्याहून कमी मिळतें. आपण हिशेबापुरते तासाला हजार रुपये धरूं आणि आठवड्याला नऊ तास धरूं. महिन्याचे छत्तीस हजार झाले. असे महिने वर्षांत आठ धरले तर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. बारा महिन्यांवर पसरले तर महिना चोवीस हजार. शेजारच्याच वर्गांत तेंच पुस्तक शिकविणाऱ्या कायम अध्यापकाचा नुसता मूळ पगार वर्षाला सहा लाख ब्याण्णव हजार चारशें. एकाच बांधावरचे दोन गडी, एकच काम. एकाला पायली आणि एकाला अर्धी पायलीही नाहीं.

पैशाची तूट एवढाच हा प्रश्न असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. खरी मेख पुढें आहे. नव्या अध्यापकासाठीं म्हणून जीं अनुदानें आहेत, तीं कायम जागेवर असलेल्यासाठीं आहेत. तासावरचा मास्तर अर्ज करूं शकत नाहीं. अनुदान नाहीं म्हणून संशोधन नाहीं. संशोधन नाहीं, लेख नाहींत, म्हणून मुलाखतींत गुण कमी. गुण कमी म्हणून कायम जागा नाहीं. आणि कायम जागा नाहीं म्हणून अनुदान नाहीं! घाण्याच्या बैलाला डोळ्यावर झांपड बांधून फिरवावें, तसें आमचें पोर दहा-दहा वर्षें याच रिंगणांत फिरत असतें. त्याला वाटतें आपण चाललों आहों. वय मात्र खरोखरच पुढें जातें.

शिकविण्याचेंही शिक्षण असतें. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर नव्या अध्यापकांना तयार करण्यासाठीं देशभर केंद्रें निघालीं. २०२३ सालीं पंडित मालवीय यांच्या नांवानें १११ केंद्रांची योजना जाहीर झाली. कायम अध्यापकाला पुढच्या श्रेणींत जाण्यासाठीं एकवीस दिवसांचा असा वर्ग करावा लागतो. त्या काळांत त्याचा पगार चालू असतो. ज्याला तासावर पैसे, त्याचा वर्गाबाहेर गेलेला प्रत्येक दिवस बिनपैशाचा. पूर्वीं पंचवार्षिक योजनांच्या काळांत आणखी एक फार चांगली सोय होती. खेड्यांतल्या कॉलेजचा अध्यापक पूर्ण पगारावर रजा घेऊन पीएच्. डी. करावयास जाई, आणि त्याच्या जागीं शिकविणाऱ्याचा पगार आयोग देई. कॉलेजचें नुकसान नाहीं, अध्यापकाची चूल बंद नाहीं, मुलांचे तास बुडत नाहींत. बारावी योजना २०१७ सालीं संपली आणि पंचवार्षिक योजनांचें युगच सरलें. अशी सोय सर्वांना पुरेल एवढी पुन्हां उभी करा, ही मागणी अवास्तव म्हणतां येणार नाहीं.

मुलींचें दुःख आणखी खोल आहे, तें माताभगिनींनीं नीट ऐकावें. पीएच्. डी. संपते साधारण तिशीच्या सुमारास. लग्न, बाळंतपण, सासरचें घर आणि नोकरीचीं पहिलीं पांच वर्षें, हीं सगळीं एकाच वेळीं अंगावर येतात. २०२२ च्या नियमांनीं पीएच्. डी. करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण व बालसंगोपनासाठीं २४० दिवसांपर्यंत रजेची सवलत दिली, ठीक झालें. पण तासावरच्या मास्तरीणबाईनें काय करावें? युरोपांत नव्या संशोधकांसाठीं जें मोठें अनुदान आहे, त्यांत वर्षांची अट मोजतांना आईला एका मुलामागें दीड वर्षाची सूट दिली जाते. मूल वाढविणें हा आळस नव्हे, एवढी समजूत ज्या नियमांत आहे, तो नियम आपल्याकडेही यावयास काय हरकत आहे?

आतां एक कडू गोष्ट. कायम जागेसाठीं "देणगी" मागितली जाते, ही गोष्ट तुमच्यापैकीं कोणी ऐकली नसेल असें नाहीं. आमच्या माहितीच्या एका घरांत बापानें विहिरीखालची जमीन काढली. कागद झाले, पैसे गेले. पुढें नेमणुकीला मान्यताच मिळाली नाहीं. जमीनही गेली आणि मुलगा आजही तासावरच आहे. संस्थेचें नांव आम्ही घेत नाहीं. नांव घेऊन एका संस्थेला शिव्या दिल्या म्हणजे बाकीच्या सोंवळ्या ठरतात. आम्ही बापांना हात जोडून सांगतों कीं, विद्येची जागा जमिनीच्या मोलानें विकत घेऊं नका. विकणाऱ्यास गिऱ्हाईक मिळतें म्हणून बाजार भरतो. आणि ज्या मुलानें बापाची जमीन घालून जागा मिळविली, तो वर्गांत ताठ मानेनें सत्य कसें सांगणार?

येथें पारावरच्या बाबांच्या बाजूनें आणखी एक मोठा साक्षीदार उभा राहतो. १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढें निवेदन दिलें. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, सरकारचा वसूल कष्टकरी रयतेच्या घामांतून येतो, आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. खेड्यांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे मात्र दुर्लक्ष होतें. मग त्यांच्याच वाटेनें जाणारे आम्ही उच्च शिक्षणासाठीं पैसा मागतों, हें कसें?

मंडळी, जोतीरावांचा रोख विद्येवर नव्हता, वांटणीवर होता. कर कोण भरतो आणि फळ कोण खातो, हा त्यांचा सवाल. तोच सवाल आज आम्ही विद्यापीठाच्या दारांत करतों. तेव्हां आमचीं मुलें त्या दारापर्यंत पोंचतच नव्हतीं. आज पोंचलीं आहेत; पण दारांत उभीं आहेत, तासावर उभीं आहेत. कर आपला, विद्यापीठ आपलें, शिकणारीं मुलें आपलीं. आणि जो घरचा पैसा खाऊन दहा वर्षें थांबूं शकतो तोच शेवटीं खुर्चीवर बसतो. गरिबाचें पोर थकून निघून जातें. कोणी त्याला जात विचारून हांकललें नाहीं. नुसतें ताटकळत ठेवलें. काम तेंच झालें. म्हणून प्राथमिक शाळा कीं विद्यापीठ, असें भांडण कोणी लावलें तर त्यांत पडूं नका. शाळेच्या मास्तरला कोण शिकवितो? कॉलेजचा मास्तर. वरचें पाणी आटलें तर खालची विहीर किती दिवस भरलेली राहील?

नुसता उपदेश नको. घडलेलें उदाहरण पाहूं. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनीं तरुण भीमराव आंबेडकरांस अमेरिकेस पाठविलें. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षें, आणि परत आल्यावर दहा वर्षें बडोद्याची नोकरी करण्याचा करार. १९१७ सालीं ते परत येऊन बडोद्यास गेले. नोकरी होती, पण राहावयास घर कोणी देईना. एवढा विद्वान मनुष्य जागेवांचून मुंबईस परतला. पैसा दिला, पद दिलें. माणूस म्हणून जवळ कोणी केलें नाहीं, तर सगळें फुकट जातें, हा पहिला धडा.

१९१८ च्या नोव्हेंबरांत ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. जागा तात्पुरती, पगार महिना ४५० रुपये. तेथेंही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्याची कुरकुर झाली. पण वर्गांत त्यांचें शिकविणें असें कीं, दुसऱ्या कॉलेजांचीं मुलें ऐकावयास येऊं लागलीं. आतां लक्ष द्या. जागा तात्पुरती होती खरी, परंतु पगार महिन्याचा होता, तासाचा नव्हता! म्हणूनच काटकसर करून शिल्लक पडली. त्या शिल्लकेंत शाहू छत्रपतींनीं सहाय्याची भर घातली, नवल भथेना या पारशी मित्रानें ५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि जुलै १९२० मध्यें ते अपुरा अभ्यास पुरा करण्यास लंडनला गेले. १९२१ सालीं एम्. एस्सी., १९२३ सालीं डी. एस्सी., आणि त्याच सालीं रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावीस-एकोणतीस. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर नवनियुक्त अध्यापक! महिन्याचा पगार, राजाचें सहाय्य आणि मित्राचें कर्ज, या तीन पाटांचें पाणी वेळेवर मिळालें. तें मिळालें नसतें तर? विद्वत्ता तीच राहिली असती, पण लंडन राहिलें असतें. आज कोणत्या तालुक्याच्या कॉलेजांत असा कोणी तासावर शिकवीत बसला आहे आणि पंचवीस हजारांत भाडें, प्रवास व घरीं पाठवावयाचे पैसे बसवीत आहे, तें तुम्ही-आम्ही कसें जाणणार? राजे गेले. राजाचें काम आतां सरकारनें आणि रयतेनें करावयाचें आहे.

आतां बाबांना सरळ उत्तर. बाबा, तुमच्या शेजारच्या शेतांत फुले २६५ जातीचा ऊस उभा असेल. तो पाडेगांवच्या ऊस संशोधन केंद्रांतून आला. कांद्याच्या जातींवर राजगुरुनगरच्या केंद्रांत काम चालतें. तेथलीं माणसें कांहीं आकाशांतून पडलीं नाहींत. तींही एके काळीं नवखीं होतीं, त्यांनाही कोणी तरी पहिलें सूक्ष्मदर्शक, पहिली काचेची नळी आणि थोडा अवधि दिला. कांद्याचा भाव का पडतो, याचा अभ्यास करणारा अर्थशास्त्राचा अध्यापक जर कांदा पिकविणाऱ्या घरचा असेल, तर त्याचा सवाल निराळा असेल कीं नाहीं? त्याला पाय रोवूं देणें म्हणजे तुमच्याच बाजूचा वकील तयार करणें होय. हें दान नव्हे. हें बेणें आहे.

मग करावयाचें काय? सरकारकडे मागावयाच्या गोष्टी चार. रिकाम्या जागा दर वर्षीं, ठरलेल्या महिन्यांत, उघड गुणांवर भरा. जागा भरेपर्यंत शिकविणाऱ्याला बारा महिन्यांचा पगार द्या. तासाचा हिशेब बंद करा. मंजूर शिष्यवृत्ति महिन्याच्या महिन्यास खात्यांत टाका. आणि लहान गांवच्या कॉलेजांतील नव्या अध्यापकांसाठीं, ते कायम असोत वा नसोत, लहान लहान अनुदानें ठेवा. साठ लाख एकाला देतां तसे दोन-दोन लाख तिसांना देऊन पाहा. पुस्तकें, एक संगणक, क्षेत्रपाहणीचा प्रवास एवढ्यानेंही इतिहास, मराठी, अर्थशास्त्र यांचा अध्यापक कामाला लागतो.

पण नुसत्या अर्जांवर भरंवसा ठेवून बसूं नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हां मूठ-मूठ धान्यावर मुलें शिकलीं; लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडून वसतिगृहाची चूल पेटती ठेवली. तीच रीत आतां एक इयत्ता वर न्यावयाची आहे. दहा गांवांनीं मिळून एक निधि करावा. सुगीला घरटीं पायलीभर धान्य किंवा त्याचे पैसे. लग्नाच्या मांडवांत आहेर द्यावयाचे त्यांतला एक आहेर या निधीला. नियम थोडे, पण पक्के असावेत. मदत बिनव्याजी उसनी द्यावी आणि नोकरी लागल्यावर हप्त्यानें परत घ्यावी, म्हणजे घेणाऱ्याची मान खालीं होत नाहीं आणि पुढच्याची सोय होते. शिष्यवृत्ति अडकली असतां खानावळ, मुलाखतीचा प्रवास, प्रबंधाची छपाई, बाळंतपणाचे महिने, एवढ्यासाठींच ती असावी. जागेच्या "देणगी"साठीं एक दमडीही मिळूं नये. निम्मी रक्कम मुलींसाठीं. कुंभार, कोळी, महार, मराठा, माळी, मुसलमान असा भेद नाहीं. आणि वर्षांतून एकदां, भर सभेंत, सर्व हिशेब मोठ्यानें वाचून दाखवावा. ज्याला वाचतां येत नाहीं त्यालाही कळेल असा.

शेवटीं, सभेंत जे तरुण अध्यापक बसले आहेत त्यांना दोन शब्द. तुमच्यासाठीं आम्ही भांडूं. पण तुम्हीही एक वचन द्या. कायम झालां, फ्लॅट घेतला, आणि गांवचा रस्ता विसरलां, असें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. तुमच्या आधीं ज्यांना पाणी मिळालें त्यांतल्या कित्येकांनीं मागच्याचा पाट बुजवून टाकला. तुम्ही तसें करूं नका. तुमचा अभ्यास वर्षांतून एकदां याच मांडवांत, आमच्या भाषेंत येऊन सांगा. तुमच्या हाताखालीं तासावर शिकविणाऱ्याला "सर" म्हणा, चहाला बरोबर बसवा, अनुदानाचा अर्ज कसा लिहावा तें दाखवा. त्याला पैसा लागत नाहीं.

मंडळी, पारावरचे बाबा सभेला आले आहेत. मागच्या खांबापाशीं बसले आहेत, हें आम्ही मघांपासून पाहत आहों. बाबा, तुमच्या कांद्यासाठींही आम्ही भांडूं. तें भांडण निराळें नाहीं. पण आंबवणीची वेळ चुकली तर काय होतें, हें आमच्यापेक्षां तुम्हीं अधिक जाणतां. निधीचा कागद पुढच्या टेबलावर ठेवला आहे. पहिली ओळ रिकामी आहे.